खाणीवरची हजेरी

आमच्या शाळेचा पट नऊ होता. पहिली ते पाचवी मिळून नऊ मुलं, दोन खोल्या, पुढं ओटी, मोठे गुरुजी आणि मी. मी नुकतीच शिक्षणसेवक म्हणून लागले होते. तीन वर्षं धड गेली तर नोकरी कायम, नाही तर पुन्हा दाभोळला आईवडिलांकडं. देवरूखला एक खोली घेतली होती. तिथून सकाळची एसटी, मग फाट्यापासून अर्धा तास पायी. कमी पटाच्या शाळा बंद करायच्या अशी बोलणी तेव्हा जोरात होती आणि "तुमची शाळा यादीत आहे हां बाई," असं मला कंडक्टरसुद्धा ऐकवायचा.

त्या डिसेंबरात एक मुलगी आमच्या नळावर पाणी भरायला येऊ लागली. मधल्या सुट्टीच्या थोडं आधी यायची. एका हातात दोन कॅन, कमरेवर एक बाळ. केस, भुवया, पापण्या सगळं तांबडं. चिरेखाणीतला जांभ्याचा चुरा एकदा अंगावर बसला की साध्या धुण्यानं जात नाही, हे मला तिच्याकडं बघूनच कळलं. बारा वर्षांची असेल. आमची मुलं तिला बघून खिदळायची, ती त्यांच्याकडं बघायचीसुद्धा नाही. बाळाला ओटीवर ठेवायची, कॅन भरायची, बाळ उचलायची आणि चालू पडायची.

चौथ्या की पाचव्या दिवशी मी तिला गाठलं. "शाळेत का येत नाहीस गं?"

"टाइम नाय," ती म्हणाली.

मला हसू आलं आणि तिथंच विरलं. ती चेष्टा करत नव्हती. माझ्याशी बोलण्यात चाललेला वेळही तिला परवडत नव्हता. कॅनची झाकणं घट्ट करून ती निघालीसुद्धा.

शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाचा फॉर्म कपाटात होताच. मी तो काढला तेव्हा मोठे गुरुजी चष्म्यावरून बघत म्हणाले, "बाई, गेल्या वर्षी आपण शून्य लिहून दिलं होतं."

"या वर्षी बघून लिहूया, गुरुजी."

त्यांची निवृत्ती वर्षावर आली होती. त्यांनी नाही म्हटलं नाही, हो म्हटलं नाही. पेन मात्र स्वतःचं दिलं.

शाळा सुटल्यावर मी पायवाटेनं वर सड्यावर, डोंगरमाथ्याच्या कातळी माळावर गेले. काजूची बाग संपली आणि समोर जमीन एकदम खाली गेली. दोन पुरुष खोल, चौकोनी, तांबडा खड्डा. त्याच्या भिंती सुरीनं कापल्यासारख्या सरळ. खाली चिरे कापायचं मशीन चालू होतं आणि त्याच्या गोल पात्यातून तांबड्या धुळीचा फवारा उडत होता. आवाज इतका की दातांत जाणवत होता. आणि त्या पात्याच्या मागोमाग, हातभर अंतरावर, तीन मुलं वाकून चालत होती. पातं पुढं सरकलं की रेघेतला चुरा हातानं खरवडून घमेल्यात भरायचा आणि वर नेऊन टाकायचा. तोंडाला फडकी बांधलेली. त्यातली एक माझी नळावरची. बाळ वरच्या बाजूला एका बाभळीला टांगलेल्या झोळीत होतं.

मी मोजायला लागले. घमेलीवाली तीन. चिऱ्यांच्या थप्पीवर काम करणारी दोन. ट्रकमध्ये चिरे चढवणाऱ्या, विजापूरकडून आलेल्या आईबापांच्या पायात घुटमळणारी, हातात फावडं घेतलेली आणखी काही. सगळी मिळून अकरा. आमच्या पटापेक्षा दोन जास्त!

खरं सांगायचं तर मला पहिल्यांदा वाईट वाटलंच नाही, आनंद झाला. शाळा बंद पडणार म्हणून रोज बोलणी खायची आणि पायी पंचवीस मिनिटांवर अकरा मुलं! मुकादम धावत आला. "कोण पायजे?" मी फॉर्म दाखवला. तो म्हणाला, "ही पोरं कामाला नाहीत. आईबापाबरोबर असतात नुसती."

"घमेलं कुणाचं आहे मग तिच्या डोक्यावर?"

"मालकांना विचारा," तो म्हणाला. मग जरा हसला. "तुमचेच अध्यक्ष आहेत की."

आमच्या शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष! सगळा गाव त्यांना भाऊ म्हणायचा, मीही म्हणायचे. शाळा वाचावी म्हणून पंचायत समितीच्या पायऱ्या झिजवणारा माणूस. गेल्या पावसाआधी शाळेची कौलं स्वतः शिडीवर चढून परतली होती त्यांनी. मी रुजू झाले त्या दिवशी आमच्या घरात कुणी विचारलं नाही इतकं त्यांनी मला विचारलं होतं, जेवलीस का, खोली बरी आहे का, एकटीनं येताना भीती नाही ना वाटत. ती खाण त्यांची.

मी त्याच संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. ते अंगणात सुपाऱ्या सोलत बसले होते. अकरा मुलं आहेत म्हटल्यावर हातातली सुपारी खाली ठेवून उभेच राहिले.

"अकरा? बाईनू, शाळा वाचली! नऊ नि अकरा वीस. आता कोण बंद करतोय बघू." त्यांचा चेहरा असा उजळला की मीही हसायला लागले. मग ते म्हणाले, "उद्याच नावं घाला पटावर. मी मुकादमाकडून सगळ्यांची नावं नि आधार कार्डं मागवून देतो."

"आणि मुलं, भाऊ?"

"येतील की. जमंल तशी येतील."

मला कळायला थोडा वेळ लागला. त्यांना नावं हवी होती. मी म्हटलं, "नावं नकोत, मुलं पाहिजेत. रोज. दहा ते पाच."

"अवो, काम कुठं करतात ती? आईबापाला हातभार लावतात. मी दहाव्या वर्षी नांगर धरला. काय वाईट झालं माझं?"

ते रागावून बोलले नाहीत. एखाद्या भाचीला समजवावं तसे बोलले. त्यामुळं उत्तर देणं जास्त अवघड झालं. मी एवढंच म्हणाले की पात्याच्या मागं हातभरावर लेकरं होती, मी बघितलं. भाऊंनी सुपारी उचलली. "बरं. सोमवारपासून पाठवतो."

सोमवारी कुणी आलं नाही. त्याच्या पुढच्या सोमवारीही नाही. आणि मग केंद्रप्रमुखांची भेट ठरली होती त्या दिवशी सकाळी, मी ओटीवर चढतेय तोवर, मागून पावलांचा आवाज. सहा मुलं! अंग घासून, केस चापून, एकाच्या अंगावर चक्क भाऊंच्या नातवाचा शर्ट. नळावरची मुलगी सगळ्यांत पुढं, बाळ कमरेवर.

तो दिवस मी विसरणार नाही. मी एका कोऱ्या वहीत त्या सहा जणांची नावं लिहून घेतली, उरलेल्या पाचांचीही त्यांना विचारून लिहिली, आणि मोठ्यानं हजेरी घेतली. त्यांना 'हजर' हा शब्द माहीत नव्हता. आमच्या दुसरीतल्या एकीनं उभं राहून दाखवलं. मग काय विचारता! प्रत्येकाला आपलं नाव पुन्हा पुन्हा पुकारून हवं होतं. एक तर दुसऱ्याच्या नावालाही 'हजर' म्हणत होता. चार वेळा हजेरी झाली त्या दिवशी. केंद्रप्रमुख खूश होऊन गेले. घरी जाताना नळावरची मुलगी म्हणाली, "बाई, कल भी बोलणार काय नाव?"

"रोज," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी साडेदहा वाजले, अकरा वाजले. मग ती नळावर आली. तांबडी. दोन कॅन, बाळ. माझ्याकडं न बघता झाकणं लावून निघून गेली. त्या दिवशी मी शिकवलं काय ते मला आठवत नाही. शुक्रवारी रजा टाकून मी रत्नागिरीची एसटी पकडली.

कामगार कार्यालयात अधिकारी म्हणून एक बाई होत्या. चाळिशीच्या, सुती साडी, केस घट्ट बांधलेले. त्यांनी मला बसवलं आणि सहानुभूतीचा एक शब्द न बोलता प्रश्न विचारायला सुरुवात केली. घमेलं उचलताना स्वतः पाहिलंत? किती वाजता? मशीन चालू होतं की बंद? वयं कशावरून म्हणता? खाणीत उतरायच्या वाटा किती? मी सांगत गेले तशी त्यांनी कागदावर खाण काढली. इतके दिवस मी ज्याच्यापुढं हे बोलले तो 'चालायचंच' म्हणत होता, आणि ही बाई वाटा मोजत होती!

"चौदाच्या आतलं मूल कुठल्याच कामावर ठेवता येत नाही," त्या म्हणाल्या. "शाळा सुटल्यावर घरच्या धंद्यात हातभार लावला तर चालतं. पण खाण काही त्यांच्या घरची नाही. आणि खाणीत तर अठरापर्यंत नाही. मालकाला हे माहीत नसेल असं मला वाटत नाही."

"माणूस वाईट नाही हो," मी म्हणाले. का म्हणाले कोण जाणे.

"नसेल. मला ते लिहायला रकाना नाही." मग पहिल्यांदाच त्या थोडं हसल्या. "तुमचं नाव कुठं येणार नाही. मागं एका ठिकाणी आम्ही पाटी लावलेली जीप घेऊन गेलो तर वीस पोरं डोळ्यांदेखत बागेत गडप झाली. या वेळी साध्या गाडीनं येऊ."

येणार कधी ते त्यांनी सांगितलं नाही. पुढचे दहा दिवस रस्त्यावर कुठलीही गाडी वाजली की माझ्या हातातला खडू मोडायचा.

एका मंगळवारी, परिपाठ नुकताच संपला होता, शाळेपुढं एक पांढरी गाडी उभी राहिली. मागं आणखी एक. अधिकारी बाई उतरल्या, बरोबर बाल संरक्षण कक्षातली एक मुलगी, एक निरीक्षक, साध्या कपड्यातले दोन पोलिस. बाईंनी मला ओळख दाखवली नाही. मोठ्या गुरुजींना म्हणाल्या, "मुलांशी बोलायला शिक्षण विभागाचं कुणी तरी हवंय."

गुरुजींनी माझ्याकडं बघितलं. त्यांना सगळं माहीत होतं, हे मला त्या क्षणी कळलं. मी शुक्रवारी रत्नागिरीला गेले होते, हे फाट्यावरच्या चहावाल्यानंसुद्धा सांगितलं असणार. ते म्हणाले, "बाईंना न्या. वर्ग मी सांभाळतो." आणि मग हळूच मला, "ती वही घ्या बरोबर. नावांची."

गाड्या काजूच्या बागेशी थांबवून आम्ही चालत गेलो. दोघं एका वाटेनं, दोघं दुसऱ्या, मी बाईंच्या मागून. मशीनच्या आवाजात आमची पावलं कुणाला ऐकू आली नाहीत. निरीक्षकानं वरून फोटो काढले, पातं, रेघ, घमेली, मुलं, सगळं. मग मुकादमानं मान वर केली.

त्यानं दोन बोटं तोंडात घालून शीळ घातली. एकच. आणि बघता बघता खाण रिकामी झाली! घमेली जागच्या जागी पडली, मुलं थप्प्यांच्या मागं, करवंदीच्या जाळीत, ट्रकखाली. बाई ओरडल्या, "मशीन बंद करा!" मशीन थांबलं. इतकी शांतता झाली की झोळीतलं बाळ कुरकुरलेलं ऐकू आलं.

"कुठं हायत पोरं?" मुकादम हात पसरून म्हणाला. "दाखवा बघू."

पोलिस जाळीकडं निघाले. मला एकदम भीती वाटली, आता हे एकेकाला दंडाला धरून ओढून काढणार. मी पुढं झाले. काय करतेय याचा विचार केला नव्हता. समोरच्या चिऱ्यांच्या थप्पीवर चढले, वही उघडली, आणि शाळेत घेते तशी, मोठ्यानं, पहिलं नाव घेतलं.

काही नाही. मी पुन्हा घेतलं.

"हजर!"

ट्रकखालून. सगळ्यांत धाकटा, सहा वर्षांचा, दोन्ही कोपरांवर सरपटत बाहेर आला आणि ताठ उभा राहिला. मी दुसरं नाव घेतलं. जाळीतून "हजर बाई!" तिसरं. थप्पीच्या मागून दोघी एकदम, "हजर! हजर!" माझा आवाज चिरकत होता, मी जवळजवळ ओरडत होते आणि खाणीच्या चारी भिंतींवरून ते 'हजर' परत येत होतं. मुलं हसायला लागली. शाळेत आलेल्यांनी 'हजर' बाकीच्यांनाही शिकवलं होतं, त्यांना तो खेळच वाटत होता. अधिकारी बाई कागदावर रेघा ओढत होत्या, सात, आठ, नऊ, दहा. मुकादम बघत राहिला.

अकरावं नाव नळावरच्या मुलीचं. ती लपलीच नव्हती. खाली, मशीनपाशी, आपल्या रेघेवरच उभी होती, घमेलं पायाशी. तिनं 'हजर' म्हटलं ते हळू. ती हसत नव्हती. ती एकटीच मोठी होती आणि हे काय चाललंय ते तिला कळत होतं. मी थप्पीवरून उतरले. त्या लेकरांनी माझ्यावर भरवसा ठेवून तोंड उघडलं होतं आणि मी तो भरवसा सरकारी कागदाला जोडला होता. आनंद आणि ही टोचणी दोन्ही एकदमच आली, आणि अजूनही त्यांतलं एक आठवलं की दुसरं येतं.

तिचा बाप धावत आला. "बाई, हमारे पोटावर का मारता?" तो मला म्हणाला, अधिकाऱ्यांना नाही.

पंचनामा लिहून झाला. दोन पंच हवे होते. एक बागेचा राखणदार तयार झाला. दुसरा म्हणून ट्रकच्या ड्रायव्हरला बोलावलं, त्यानं भाऊंची मोटारसायकल येताना बघितली आणि "माझं काय काम इथं" म्हणत मागं सरला. अधिकारी बाई कागद धरून उभ्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही, मुद्दाम बघितलं नाही, हे मला दिसत होतं. त्यांनी शब्द दिला होता.

भाऊ गाडी लावून आले. घाम पुसत सगळ्यांकडं बघितलं, मग माझ्याकडं. "बाईनू? तुमी?"

"हो, भाऊ," मी म्हणाले. आणि बाईंच्या हातातला कागद घेतला. "पंच म्हणून मी सही करते. मी पाहिलंय."

थप्पीवर कागद ठेवून मी सही केली. चिरा खडबडीत, सही ओळ सोडून खाली उतरली. बाईंनी विचारलं, "विचार करून केलीत ना?" मी म्हटलं, "विचार करत बसले तर करणार नाही." भाऊ पाणी मागून प्यायले आणि एका चिऱ्यावर बसून राहिले.

आणखी गाड्या मागवून मुलांना आणि त्यांच्या आयांना घेऊन आम्ही रत्नागिरीला बालकल्याण समितीपुढं गेलो. मुलं आयुष्यात पहिल्यांदा काचा वर-खाली होणाऱ्या गाडीत बसली होती. संगमेश्वर येईपर्यंत त्यांनी काचा इतक्या वेळा वर-खाली केल्या की ड्रायव्हर रडकुंडीला आला. फक्त ती मोठी बाहेर बघत बसली होती.

समितीतल्या एका वयस्क बाईंनी तिला जवळ बसवून विचारलं, "तुला काय पाहिजे, बाळ?"

"घर जायचं."

"आणि शाळा?"

"शाळा जाईन. हा कुठं जाणार?" तिनं मांडीवरचं बाळ पुढं केलं.

समितीनं आयांकडून लिहून घेतलं, मुलं पुन्हा कामावर दिसणार नाहीत, शाळेत जातील, कक्षाची माणसं येऊन बघतील. मग मुलं त्यांच्या ताब्यात दिली. परत येताना मी समोरच्या सीटवर बसून एकाच गोष्टीचा विचार करत होते. बाळ.

तो प्रश्न आमच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशींनी सोडवला, आणि मला विचारलंसुद्धा नाही. गावात तेव्हा मी कुणाकुणाला नकोशी झाले होते. 'बाईनं गावाची अब्रू काढली' हे चार घरांत तरी बोललं जात होतं. मावशी मात्र दुसऱ्या दिवशी घरून एक जुनं लुगडं घेऊन आल्या, ओटीच्या वाशाला झोळी बांधली, हातानं ओढून बघितली.

"हितं झोपंल त्यो. मी असतंय की हितंच. रडला तर बघीन."

"मावशी, गाव काय म्हणेल?"

"माझी थोरली सात वर्षं पोरंच सांभाळीत होती गो बाय. म्हनून ती निरक्षर ऱ्हायली. गावाला सांग जा."

त्यानंतरच्या सोमवारी मी साडेनवापासून ओटीवर. मोठे गुरुजी आत काही तरी लिहीत असल्यासारखं करत होते, पण दर मिनिटाला खिडकीत यायचे. दहा वाजले. मावशी म्हणाल्या, "येतील." दहा वाजून दहा. आणि मग काजूच्या बागेतून एकामागून एक डोकी! मी मोजली. आठ. गुरुजी बाहेर आले आणि त्यांनी, ज्यांनी आयुष्यात कधी मुलांपुढं आवाज चढवला नव्हता, घंटेचा टोल इतक्या जोरात दिला की आमची जुनी मुलं दचकून बाहेर पळत आली.

राहिलेली तीन एकाच घरची. ते कुटुंब धाडीनंतर दुसऱ्याच दिवशी सामान बांधून कुठल्या तरी दुसऱ्या खाणीवर गेलं होतं. आम्ही विचारलं, कक्षानं शोधलं, सापडलं नाही. सगळ्यांत आधी 'हजर' म्हणणारा सहा वर्षांचा त्यांतलाच.

बाकीच्यांना शिकवणं म्हणजे काय होतं, ते सांगू किती? त्यांना अक्षर येत नव्हतं, पण थप्पी येत होती. एकदा गुणाकार शिकवताना मी अडले, त्यांना ते चिन्हच कळेना. शेवटी फळ्यावर चौकोन काढले, आडवे बारा, उभे आठ. "चिरे किती?" मोठीनं क्षणात सांगितलं, "शहाण्णव." मी चौकोन बदलले. तिनं पुन्हा सांगितलं. "कसं येतं गं तुला?" ती म्हणाली, "ट्रक भरायला लागतं." मी पळत गुरुजींच्या वर्गात गेले आणि त्यांचा वर्ग थांबवून त्यांना ओढत आणलं. त्या दिवसापासून आमच्या शाळेत पाढे थप्पीवर शिकवले गेले, आणि आमची खिदळणारी जुनी मुलं खाणीवरच्यांकडून शिकायला लागली.

भाऊ दीड महिना शाळेकडं फिरकले नाहीत. त्यांच्यावर खटला झाला, त्यांनी गुन्हा कबूल करून दंड भरला. एका सकाळी त्यांचा टेम्पो शाळेपुढं थांबला आणि मागून आठ मुलं उतरली. भाऊ स्वतः चालवत होते. मी पुढं गेले. ते खाली उतरले नाहीत.

"रस्त्याला ट्रक लय वाढलेत," ते समोर बघत म्हणाले. "उद्या कुणी खाली आलं तर तुमची ती साहेबीण पुन्हा येईल. म्हणून आणलं. तुमच्यासाठी नाय."

"बरं, भाऊ."

"आणि अध्यक्षपद मी सोडणार नाय. शाळा माझी पण हाय."

"सोडा असं कुठं म्हटलं मी?"

त्यांनी गिअर टाकला. रोज सकाळी टेम्पो आला तो शाळेला सुट्टी लागेपर्यंत आला. पुन्हा ते मला जेवलीस का म्हणून विचारतील असं काही झालं नाही. झालं असतं तर मला आवडलं असतं.

मे महिन्यात खाणी बंद होतात आणि ही माणसं विजापूरकडं आपल्या गावी जातात. शेवटच्या दिवशी मी प्रत्येकाला शिक्षण हमी कार्ड भरून दिलं. कुठवर शिकला, काय येतं, माझा फोन नंबर. हे कार्ड नव्या शाळेत दाखवायचं. मोठीच्या कार्डावर मी इतकं लिहिलं की समासातसुद्धा जागा उरली नाही. तिचा बाप ते घ्यायला पुढं आला. मला वाटलं, पुन्हा काही बोलेल. त्यानं कार्ड खिशात ठेवलं, वरून खिसा दाबून बघितला आणि गेला.

जूनच्या सुरुवातीला मी सुट्टीत दाभोळला होते. आमच्या शाळा उघडायला अजून अवकाश होता. आईचं काही काम होतं म्हणून धोपाव्याला जायला मी फेरीबोटीत उभी होते. मोटारसायकली, टेम्पो, कोळणींच्या पाट्या, इंजिनाचा आवाज. फोन वाजला. अनोळखी नंबर, कर्नाटकातला.

"मॅडम, हम हेडमास्तर बोल रहे हैं," अशी सुरुवात करून त्या गृहस्थांनी लगेच मराठी धरलं, सीमेकडचं, कानडी हेल असलेलं. "एक मुलगी आलीय बघा माझ्याकडं. कार्ड घेऊन आलीय. वडील बरोबर आहेत. असलं कार्ड आम्ही बघितलं नव्हतं. वय बघितलं तर सातवीत बसते. पण शाळेत गेलीय चारच महिने म्हणता तुम्ही. झेपंल का तिला? खाली बसवू?"

मला एका कानावर हात ठेवावा लागला. बोट सुटत होती.

"सर, तिला गणित विचारा!"

"विचारलं की. माझ्या सातवीच्या पोरांच्या आधी सांगत्येय ती." ते हसायला लागले. "वाचन कच्चं आहे, आमची कानडी अक्षरं तर नवीनच."

"वाचन येईल, सर! सातवीत घाला! झेपेल तिला. सातवीत!"

मी किती मोठ्यानं ओरडले ते मला तेव्हा कळलं नाही. शेजारच्या कोळणीनं पाटीवरचा हात काढून माझ्याकडं बघितलं. "काय गो बाय, कुणाचं लगीन ठरलं?"

"नाही हो, मावशी," मी म्हणाले. "पोरीला शाळेत घेतलंय. सातवीत." आणि मग तिनं काही विचारायच्या आत, बोट पलीकडं लागेपर्यंत, मी तिला सगळं सांगत सुटले.